नारळी पौर्णिमेपासून आगोटीपर्यंत : कोकणच्या बोटींची गोष्ट

  भाकऱ्या थापता थापता ऐकत असाल तर थापत राहा, कान तेवढे इकडे द्या.

आज मी तुम्हाला बोटींची गोष्ट सांगणार आहे. मुंबईहून निघून कोकणच्या एकेका बंदराला थांबत गोव्यापर्यंत जाणाऱ्या आगबोटींची. तुमच्यातल्या काही जणी म्हणतील, आम्ही घाटावरच्या, आम्हाला काय बोटीचं? पण तुमच्या पणजीच्या घरातलं मीठ, नारळ, सुकी मासळी याच बंदरांतून बैलांच्या पाठीवर कुंभार्ली घाट, आंबा घाट, फोंडा घाट चढून येत होती. म्हणून ही गोष्ट तुमचीही आहे.

आज आपण मुंबईला जायचं म्हटलं की विचारतो, गाडी किती वाजता? माझी आजी असं विचारत नसे. ती विचारायची, "दर्या कसो आसा?" म्हणजे समुद्र कसा आहे? आधी समुद्राची खबर आणि मग बोटीची वेळ. हा प्रश्न आधी का विचारायचा आणि तो विसरला तर काय होतं, तेच आज बघू.

रस्ता पाण्यातूनच होता

आपल्या महाराष्ट्राचा किनारा जुन्या मोजणीप्रमाणे सुमारे ७२० किलोमीटरचा. नकाशात बघितलं तर सरळ रेघ वाटते, पण प्रत्यक्षात तो जागोजागी खाड्यांनी कापलेला आहे. उत्तरेकडून खाली येत गेलं की धरमतरची खाडी लागते, मग राजपुरीची, सावित्री नदीची बाणकोट खाडी, वाशिष्ठीची दाभोळ खाडी, शास्त्रीची जयगड खाडी, पुढे पूर्णगड, जैतापूर, वाघोटण नदीची विजयदुर्ग खाडी, देवगड आणि अगदी खाली तेरेखोल. आज या खाड्यांवर पूल झाले आहेत. पूल नव्हते तेव्हा किनाऱ्याने चालत निघालेल्या माणसाला दर काही कोसांवर तर शोधावी लागे. त्यापेक्षा समुद्रातून जाणं सोपं. म्हणून कोकणात हमरस्ता म्हणजे समुद्र आणि बंदरं म्हणजे त्यावरची स्टँडं.

हा रस्ता फार जुना आहे. सुमारे २००० वर्षांपूर्वी ग्रीक भाषेत लिहिलेलं 'पेरिप्लस' नावाचं एक पुस्तक आहे. खलाशांसाठी आणि व्यापाऱ्यांसाठी लिहिलेली ती वाटाड्याची वही म्हणा ना. त्यात आपल्या अलिबागजवळच्या चौलचं नाव येतं. मिसर देशातून, म्हणजे आजच्या इजिप्तमधून, हिंदुस्थानला येणाऱ्या जहाजांनी साधारण जुलैच्या सुमारास निघावं असं त्यात सांगितलं आहे. कारण तेव्हा नैर्ऋत्येचा वारा त्यांना पाठीमागून ढकलत आपल्याकडे आणतो. परत जायचं तर थंडी पडेपर्यंत थांबायचं, मग वारा उलटा फिरतो. आपण 'मोसम' म्हणतो तो शब्द अरबी 'मौसिम'वरून आला. मौसिम म्हणजे ठराविक काळ, एखाद्या कामाची वेळ. इंग्रजीतला 'मान्सून' हा शब्दही त्याच मुळाचा. म्हणजे समुद्रावर निघायची वेळ कोणती, या प्रश्नातूनच पावसाला नाव मिळालं आहे.

दाभोळ हे एके काळी फार मोठं बंदर. मक्केला जाणारे यात्रेकरू तिथून जहाजात बसत. १५०८ सालच्या डिसेंबरात पोर्तुगिजांनी ते जाळलं, तरी ते पुन्हा उभं राहिलं. दाभोळला आजही किनाऱ्याजवळ एक देखणी दगडी मशीद आहे. तिची एक गोष्ट सांगतात. विजापूरच्या शाही घराण्यातली एक बाई मक्केला जायला म्हणून मोठा लवाजमा घेऊन दाभोळला आली. पण समुद्रावर धोका होता, पुढे जाणं बरं नाही असं तिला सांगितलं गेलं. ती गेली नाही. यात्रेसाठी आणलेल्या पैशांतून तिने ही मशीद बांधवली. सतराव्या शतकातली ही गोष्ट. त्यातलं किती खरं, किती लोकांनी रंगवलेलं, ते राहू द्या. बंदरावर आलेली बाई समुद्र बरा नाही म्हणून थांबली, ही आठवण गावाने साडेतीनशे वर्षं जपली आहे.

शिवाजी महाराजांनी आरमार उभारलं. मालवणच्या बेटावर सिंधुदुर्ग बांधायला घेतला तो १६६४ च्या नोव्हेंबरात आणि स्वतः समुद्रमार्गे बसरूरच्या मोहिमेवर गेले ते १६६५ च्या फेब्रुवारीत. दोन्ही कामं उघाडीच्या दिवसांतली आहेत, हे लक्षात घ्या. पुढे रामचंद्रपंत अमात्यांचं म्हणून जे आज्ञापत्र प्रसिद्ध आहे, त्यात आरमारावर एक प्रकरणच आहे. पावसाळ्यात आरमार छावणीला कुठे आणि कसं ठेवायचं, तेही त्यात लिहिलं आहे. जहाजांसाठी लाकूड हवं म्हणून रयतेची आंब्या-फणसाची झाडं जुलमाने तोडू नयेत, रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात, हेही तिथेच सांगितलं आहे. तेवढं मोठं आरमारसुद्धा पावसाळ्याचे महिने बंदरात बसून राहायचं. त्यात कुणाला कमीपणा वाटत नसे.

आगबोट आली

एकोणिसाव्या शतकात आगबोटी आल्या. आधी शिडाची गलबतं, मचवे, पडाव यांतून लोक जात. वारा पडला की तिथेच अडकायचं. उघाडीच्या दिवसांत रात्री आणि पहाटे जमिनीवरून समुद्राकडे वारा वाहतो, त्याला मतलई वारा म्हणतात. दुपारी समुद्राकडून जमिनीकडे येतो तो खारा वारा. तांडेल पहाटे मतलईवर बाहेर पडायचा आणि दुपारी खाऱ्या वाऱ्यावर आत यायचा. आगबोटीला वाऱ्याची वाट बघायची गरज नव्हती. कोळसा पेटवला की चालली.

मुंबईहून निघालेली बोट श्रीवर्धन, बाणकोट, हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, जैतापूर, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले असं करत पणजीला जायची. सगळ्याच बोटी सगळीकडे थांबत नसत, पण माळ ही अशी. गिरणीत कामाला गेलेले पुरुष, त्यांना भेटायला निघालेल्या बायका, बाळंतपणाला माहेरी येणाऱ्या लेकी, आंब्याच्या पेट्या, नारळ, सुपारी, टपाल, सगळं त्या बोटीत. बहुतेक बंदरांत धक्का नव्हता. बोट लांब खोल पाण्यात नांगर टाकून उभी राही आणि भोंगा वाजवी. मग लोक होडीत बसून तिच्यापर्यंत जात. होडी लाटेवर वर-खाली होतेय, बोटीची शिडी लोंबकळतेय, कडेवर मूल, डोक्यावर बोचकं, आणि खलाशी म्हणतोय, "आता! पाय टाका!" लाट वर आली की पाय टाकायचा. एक क्षण चुकला तर पाण्यात. नऊवारी नेसलेल्या आपल्या आज्या-पणज्या हे करत होत्या, आणि काही जणी तर पोटुशी असताना.

या बोटी चालवणाऱ्या कंपन्यांमध्ये मोठं नाव होतं बॉम्बे स्टीम नेव्हिगेशन कंपनीचं. लोक तिला शेफर्ड कंपनी म्हणत. पुढे स्वदेशीच्या वाऱ्यात देशी लोकांनी एक सहकारी कंपनी काढली. तिला लोकांनी कौतुकाने नाव दिलं 'माझी आगबोट कंपनी'. तिच्या बोटींची नावं आपल्या संतांची : तुकाराम, रामदास. बोटीत बसायचं म्हणजे तुकारामांच्या भरवशावर बसायचं, असं साध्या माणसाला वाटलं तर नवल नाही.

बंद मोसम आणि बायकांची कामं

आगबोटीला वाऱ्याची गरज नव्हती, पण वादळापुढे तिचंही चालत नसे. म्हणून मे महिना संपत आला की गोव्याकडच्या बोटी बंद. जून, जुलै, ऑगस्ट बंदरं सुनी. याला बंद मोसम म्हणायचे. मग श्रावणातली नारळी पौर्णिमा यायची, दर्याला नारळ द्यायचा, आणि हळूहळू पुन्हा भोंगा ऐकू यायचा. नारळी पौर्णिमेपासून गणेशचतुर्थी साधारण एकोणीस दिवसांवर. त्या एकोणीस दिवसांत दर्या शांत होतोय की नाही, याकडे सगळ्या चाकरमान्यांच्या घरांचे डोळे लागलेले असत.

बंद मोसमाची तयारी कोण करायचं? बायका. पावसाळ्याच्या तोंडाला कोकणात आगोट म्हणतात. आगोटीच्या आधी घर भरून ठेवायचं. मीठ, मिरची, कांदे, कोकमं, सुके बोंबील, सोडे, लाकूडफाटा. एकदा पाऊस लागला की बंदरातून काही येणार नाही, मनीऑर्डरसुद्धा उशिरा येणार. होड्या किनाऱ्यावर ओढून घेतल्या की त्यांच्यावर पांघरूण हवं, म्हणून नारळाच्या झावळ्यांची झापं विणायची. ती विणायच्या बायकाच. इतिहासाच्या पुस्तकात बोटीचा कप्तान असतो, कंपनीचा मालक असतो. झाप विणणारी बाई कुठे नसते. पण तिने ते केलं नसतं तर नारळी पौर्णिमेला होडी पाण्यात लोटता आली नसती.

आणि एक हिशेब बायकांना तोंडपाठ असे. तुम्हीही आज शिकून घ्या, सोपा आहे. भरती किती वाजता येणार, हे तिथीवरून कळतं. तिथीची पाऊणपट करायची. आज चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे साधारण तीनला पूर्ण भरती. अष्टमी असेल तर सहाला. पौर्णिमा किंवा अमावास्या म्हणजे पंधरावी तिथी, पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. दिवसात दोन भरत्या येतात, त्यामुळे दुपारी तीन तशीच पहाटे तीन. खाडीत आतवर राहत असाल तर भरती थोडी उशिरा पोहोचते, तेवढं धरायचं. पौर्णिमा-अमावास्येला पाणी जास्त चढतं, त्याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या आसपास कमी चढतं, त्याला भांग म्हणतात. शिंपल्या काढायला कधी जायचं, तर कधी मिळेल, दाभोळ-बाणकोटच्या तोंडावर वाळूचा बांध आहे तिथून पडाव आत कधी येईल, हे सगळं या एका पाऊणपटीवर चाले.

चार बुडालेल्या बोटी

आता जरा जड गोष्ट सांगते.

पहिली गोष्ट आपल्या शेजारच्या गुजरातच्या किनाऱ्यावरची, पण बोट शेफर्ड कंपनीचीच. तिचं नाव वैतरणा. तिच्यात विजेचे दिवे होते, तेव्हा ते अप्रूप, म्हणून लोक तिला 'वीजळी' म्हणत.  १८८८ सालच्या ८ नोव्हेंबरला ती कच्छच्या मांडवीहून मुंबईला निघाली. आत सातशेहून जास्त माणसं, त्यांत लग्नाची वऱ्हाडं होती असं सांगतात. पोरबंदरला हवा वाईट म्हणून ती थांबली नाही, तशीच पुढे गेली. मुंबईला पोहोचलीच नाही. तिचं लाकूडही कुणाला सापडलं नाही.

दुसरी गोष्ट १९२७ च्या नोव्हेंबरातली. त्या महिन्यातल्या एकाच वादळात कोकणाच्या वाटेवर दोन बोटी गेल्या. एक जयंती आणि दुसरी तुकाराम.

आता या दोन्ही गोष्टींत एक सारखेपणा बघा. दोन्ही वेळा महिना नोव्हेंबर. पाऊस संपलेला, नारळी पौर्णिमा कधीच झालेली, दिवाळीही होऊन गेलेली. पंचांगाप्रमाणे दर्या शांत हवा. पण अरबी समुद्रात वादळं दोन वेळा उठतात. एक पावसाळ्याच्या आधी, मे-जूनला. दुसरी पावसाळ्यानंतर, ऑक्टोबर-नोव्हेंबरला. अगदी अलीकडे २००९ साली फयान वादळ आलं तेही ११ नोव्हेंबरला. रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या कितीतरी मच्छीमार घरांत त्या दिवसाची आठवण अजून ओली आहे. मोसम आपल्याला महिना सांगतो. आजचा दिवस कसा आहे, हे तो सांगत नाही. ते आजच्या आजच बघावं लागतं.

तिसरी गोष्ट रामदास बोटीची. १७ जुलै १९४७, गुरुवार. स्वातंत्र्याला महिनाही उरला नव्हता. गोव्याकडच्या बोटी पावसाळ्यामुळे बंद होत्या, पण मुंबई ते रेवस हा जवळचा टप्पा. मुंबईच्या बंदराच्या पाण्यातलाच, दीड-दोन तासांचा. म्हणून तो भर पावसाळ्यातही चालू असायचा. दुसरं म्हणजे आषाढी अमावास्या तोंडावर आलेली, सणाला घरी जाणाऱ्यांची गर्दी. सकाळी आठच्या सुमारास रामदास भाऊच्या धक्क्यावरून सुटली. आत सातशेच्या आसपास माणसं. अर्ध्या वाटेवर काशाच्या खडकाजवळ वाऱ्याने आणि लाटांनी तिला गाठलं. पाणी आत यायला लागलं, घाबरून लोक एका बाजूला धावले, बोट कलंडली. साडेआठ-पावणेनऊच्या सुमारास ती पाण्याखाली गेली. सहाशेहून जास्त माणसं गेली. रायगड जिल्ह्यातल्या कित्येक गावांत एका दिवसात किती घरांतलं कुंकू पुसलं गेलं असेल, याचा विचार करा.

आणि मुंबईला कळलं केव्हा? दुपार उलटल्यावर. कारण बोटीवर बिनतारी संदेशाचं यंत्रच नव्हतं. जे थोडे वाचले, त्यांपैकी बऱ्याच जणांना वाचवलं रेवसच्या कोळ्यांनी. ते मासळी विकायला होड्या घेऊन मुंबईकडे निघाले होते. बुडणारी माणसं दिसल्यावर त्यांनी पकडून आणलेली मासळी समुद्रात ओतून दिली आणि त्या जागी माणसं घेतली, असं सांगतात. त्या मासळीवर त्यांच्या घरची चूल चालणार होती.

तिन्ही वेळा समुद्राने आधी खूण दिली होती का? काही तरी दिली असणार. पण निघण्याची ओढ खुणेपेक्षा मोठी ठरली. वऱ्हाडाला मुहूर्त होता, चाकरमान्याला रजा होती, घरी सण होता, कंपनीला फेरी होती. समुद्राकडे यांपैकी काहीच नसतं. त्याला घाई नाही.

आजी ट्रंकेवर बसली

आता माझ्या घरातली गोष्ट. आमचं गाव विजयदुर्गच्या खाडीत आतल्या बाजूला. विजयदुर्गचं बंदर फार चांगलं. तोंडाशी वाळूचा बांध नाही, भर पावसाळ्यातसुद्धा जहाजाला तिथे आसरा मिळतो. आसरा आत मिळतो, बाहेर गेलं की दर्याच.

मी दहा वर्षांची होते. वडील मुंबईला गिरणीत. मे महिन्याची सुट्टी संपत आली होती आणि मोसमातल्या शेवटच्या काही बोटी उरल्या होत्या. आईने ट्रंक भरली. पिकलेले फणस, आंबे, सांडगे, कुळथाचं पीठ. त्या दिवशी वारा अजिबात नव्हता. झाडाचं पान हलत नव्हतं. पण रात्रभर समुद्राची गाज ऐकू येत होती, आमच्या घरापर्यंत, खाडीच्या आत. आजी पहाटे उठून ओटीवर बसली होती. आई म्हणाली, "येतो हां आम्ही." आजी उठली आणि सरळ ट्रंकेवर बसली. म्हणाली, "जाव नको गो. वारो नाय आणि दर्या गाजता. ह्या बरा नाय."

शेजारी हसले. वारा नाही, ऊन पडलंय, आणि म्हातारी म्हणते बरं नाही. आई रडकुंडीला आली. तिकिटाचे पैसे जाणार, माझी शाळा सुरू होणार. पण सासूच्या अंगाखालची ट्रंक कोण ओढणार? आम्ही राहिलो.

तुम्ही म्हणाल, आता ही सांगणार की बोट बुडाली. नाही बुडाली. उशिरा पोहोचली, सगळ्यांना उलट्या होऊन जीव नकोसा झाला, पण पोहोचली. आम्ही पंधरा दिवसांनी दोन एसटी बदलून मुंबईला गेलो. माझी शाळा बुडाली, बाईंनी हातावर पट्टी मारली. आई आजीशी कितीतरी दिवस धड बोलली नाही. पुढच्या वर्षी आईने टोचून विचारलं, "पोचली ना ती बोट?" आजी म्हणाली, "पोचली ता बरा झाला. माजा चुकला तर चार दिस शाळा बुडात. दर्यान फसवल्यान तर पोरां बुडतली."

मला ते तेव्हा कळलं नाही. आज कळतं. थांबण्याची किंमत असते. तिकीट जातं, रोज जातो, शाळा बुडते, लोक हसतात. ती किंमत आजीने मुकाट्याने भरली. आणि तिची खूण उगाच नव्हती. वादळ लांब समुद्रात असतं तेव्हा वारा इथे पोहोचलेला नसतो, पण त्याने उठवलेल्या लांबच लांब लाटा आधी किनाऱ्याला येऊन आदळतात. वारा नसताना समुद्र गाजला तर लांब कुठे तरी काही तरी चाललंय. आजीला शाळा माहीत नव्हती, पण हे तिला माहीत होतं.

बोटी गेल्या, पाणी तेच

नंतर रस्ते झाले, पूल झाले. 'कोंकण सेवक', 'कोंकण शक्ती' या बोटी आमच्या पिढीने पाहिलेल्या शेवटच्या. सकाळी मुंबई सोडायची, दुसऱ्या दिवशी सकाळी पणजी. पुढे तीही वाहतूक थांबली. १९९८ साली कोकण रेल्वे राष्ट्राला अर्पण झाली आणि बोटीचा विषयच मिटला असं वाटलं.

पण मिटला नाही. दाभोळ ते धोपावे, वेश्वी ते बागमांडला, आगरदांडा ते दिघी, जयगड ते तवसाळ, या खाड्या आजही फेरीबोटीने ओलांडता येतात. स्कूटरसकट बाई पलीकडच्या बाजाराला जाऊन येते. २०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला मोठी रो-रो बोट गाड्या घेऊन जाते. ती पावसाळ्यातही चालते, पण हवा बिघडली की फेरी रद्द होते. फेरी रद्द झाली की लोक चिडतात. तेव्हा मला रामदास आठवते आणि वाटतं, रद्द करणाऱ्याचे आभार मानावेत.

मासेमारीलाही महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना बंदी असते. त्या काळात मासळी अंडी घालते आणि समुद्र खवळलेला असतो. पारंपरिक कोळी घरं तर त्यापुढेही नारळी पौर्णिमेची वाट बघतात.

आणि खूण सांगायला आता आजीशिवाय इतरही आहेत. १८७५ साली आपल्या देशात हवामान खातं सुरू झालं. वादळाची शक्यता असली की बंदरात बावटा चढतो. पेपरात आपण वाचतो ना, बंदरात तीन नंबरचा बावटा, तो म्हणजे सावध राहा, सोसाट्याचा वारा येऊ शकतो, असा इशारा. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था लाटा किती उंच असतील, याचा अंदाज देते. आकाशवाणी मच्छीमारांना इशारा देते. रामदासवर बिनतारी यंत्र नव्हतं. आज तुमच्या स्वयंपाकघरात रेडिओ आहे, हातात मोबाइल आहे. २०२० साली ३ जूनला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं. घरं, सुपाऱ्या, नारळ आडवे झाले, त्या बागांच्या मालकिणी आजही सावरताहेत. पण लोकांना आधी हलवलं होतं, होड्या आधी ओढून घेतल्या होत्या. खबर वेळेवर आली आणि ऐकली गेली, म्हणून माणसं मोठ्या संख्येने वाचली.

खबर ऐकली जाणं, हा यातला अवघड भाग आहे. इशारा येतो आणि त्याच दिवशी घरात कुणी म्हणतं, डिझेल भरून ठेवलंय, एक फेरी मारून येतो. बाजारचा दिवस असतो, होडीत आधीच जास्त माणसं असतात आणि होडीवाला म्हणतो, या वहिनी, सरकून बसा. तेव्हा "नाही, मी पुढच्या फेरीने येते" म्हणणं सोपं नसतं. एकटीने म्हटलं तर लोक हसतात. पण गटातल्या दहा जणी एकदम म्हणाल्या तर होडीवाल्यालाच दोन फेऱ्या माराव्या लागतात.

म्हणून तुमच्या पुढच्या बैठकीत, हप्ते गोळा झाले की, थोडा वेळ या गोष्टीला द्या. गटातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला विचारा, तिच्या लहानपणी वादळाची, पुराची खूण कशावरून ओळखत. समुद्र नसला तरी नदी, ओढा, धरण तुमच्याही गावाला असेल. ते एका वहीत लिहून ठेवा. होडीत चढताना किती माणसांना परवानगी आहे, हे विचारा. लाइफ जॅकेट असेल तर बसायच्या आधी मागून घ्या आणि घाला, लाजू नका. होडी हेलकावली तर जागेवर खाली बसा, एका बाजूला धावू नका. आणि घरात कुणी म्हटलं, आज नको जायला, तर तिला खुळी म्हणू नका.

माझ्या आजीची ती ट्रंक अजून आमच्या माळ्यावर आहे. गंजली आहे, झाकण लागत नाही. मी ती टाकत नाही.

पुढच्या वेळी भेटू तेव्हा तिथीची पाऊणपट करून आजची भरती किती वाजता, हे मला सांगायचं. तोवर सांभाळून राहा, एकमेकींना धरून राहा. नमस्कार.